ट्रक सुरू होत नाही? सेल्फ मारत बसू नका

(भाषणाचा मजकूर)



मी कुर्डुवाडीचा. डिझेल इंजिनाच्या कामात माझे हात काळे होऊन बरीच वर्षे झाली. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते तुमच्या बांधावर उभ्या असलेल्या ट्रकविषयी. तुम्ही म्हणाल, ट्रक ड्रायव्हरचा, मालक दुसराच, आम्हाला काय त्याचं? पण त्या ट्रकमध्ये ऊस कुणाचा भरलाय? तुमचा. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि पुढं आपल्या माढा तालुक्यात ऊस वाढला. हंगाम लागला की फडाफडातून ट्रक आणि ट्रॅक्टर दिसतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असं आपल्याला सांगतात ते खरं आहे. ऊस वाळला की वजन घटतं आणि त्यातली साखरही कमी होते. म्हणजे ट्रक रात्रभर बंद पडला तर नुकसान ट्रकवाल्याचं होतं तसं तुमचंही होतं. आणि आता कित्येक शेतकऱ्यांच्या घरीच कर्जाऊ घेतलेला ट्रक आहे. म्हणून ही माहिती घरात असलेली बरी.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. डिसेंबर महिना होता. पहाटे एक जण मला मोटारसायकलवर न्यायला आला. म्हणाला, "मिस्त्री, चला लवकर, गाडी काय सुरू होईना." फडात जाऊन बघतो तर भरलेला ट्रक. रात्री नऊपासून सेल्फ मारत होते. पहिल्या बॅटऱ्या उतरल्या, म्हणून दुसऱ्या ट्रकच्या काढून आणल्या. त्याही उतरत आल्या आणि सेल्फमधून जळका वास यायला लागला, तेव्हा कुठं थांबले. मी विचारलं, "काल गाडीचं काही काम केलं होतं का?" ड्रायव्हर म्हणाला, "काही नाही. नुसता डिझेल फिल्टर बदलला."

मी फिल्टरकडे येणाऱ्या पाइपचा बोल्ट पाहिला. त्याचा वायसर जुनाच बसवलेला, दबून चपटा झालेला. तिथून हवा शिरत होती. नवा वायसर घातला आणि हवा काढली. चांगल्या बॅटऱ्या आणि दुसरा सेल्फ येईपर्यंत मात्र दुपार झाली. एवढ्याशा वायसरनं गाडी अडली होती खरी, पण सेल्फ जाळला तो माणसांनीच. दोन मिनिटं थांबून विचार केला असता तर गाडी रात्रीच कारखान्यावर गेली असती.

तेव्हा आजचं सांगणं एवढंच: बिघाड क्रमानं शोधा, आणि तो सापडेपर्यंत सेल्फला हात लावू नका.

इंजिनाला काय लागतं?

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं. त्याच साली आपल्याकडे कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी रेल्वे धावू लागली होती, आणि कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. या इंजिनाची युक्ती अशी, की सिलिंडरमधली हवा पिस्टननं इतकी दाबायची की ती दाबानंच तापून लाल निखाऱ्यासारखी गरम होते. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं.

विहिरीवरचं हँडलचं इंजिन तुम्ही चालवलं असेल. आधी लिव्हर उचलून हँडल जोरात फिरवायचं आणि चांगला वेग आला की लिव्हर पाडायचा. वेग कमी असताना पाडला तर इंजिन नुसतं अडतं, पेट घेत नाही. ट्रकचंही तसंच आहे. त्याला तीन गोष्टी लागतात. एक, पुरेशा वेगानं फिरणं. दोन, हवाविरहित, बिनपाण्याचं डिझेल योग्य वेळी पोचणं. तीन, मोकळी हवा आणि ती दाबून धरणारे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह. चौथी गोष्ट नाही. म्हणून शोधही याच क्रमानं घ्यायचा.

सुरुवात प्रश्नांपासून

पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला विचारा. काल डिझेल संपलं होतं का? फिल्टर, पाइप, पंप यांपैकी कशाला हात लावला का? डिझेल पंपावरून भरलं की घरच्या बॅरलमधून? गाडी किती दिवस उभी होती? काल बंद पडताना एकदम बंद पडली की धापा टाकत पडली? एकदम बंद पडली असेल तर वायर, फ्यूज किंवा बंद करण्याच्या यंत्रणेकडे आधी पाहावं. धापा टाकत पडली असेल तर डिझेलकडे. निम्मा बिघाड या उत्तरांतच सापडतो.

मग गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड लावा. हे झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पहिली तपासणी: इंजिन फिरतं का?

दिवा लावून सेल्फ मारा आणि एका माणसाला दिव्याकडे बघायला सांगा. दिवा पार विझला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवा लख्ख राहिला आणि सेल्फ गप्प राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. अशा वेळी किल्लीचा स्विच, सेल्फचा सोलेनॉइड, त्यांच्या वायरा आणि अर्थची पट्टी पाहा. दिवा मंद झाला आणि सेल्फ कण्हत फिरला तर बॅटरी अशक्त आहे, नाहीतर इंजिनच जड झालं आहे.

ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. चांगली भरलेली एक बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, दोन्ही मिळून २५ च्या थोडं वर. सेल्फ फिरत असताना आकडा १८ च्या खाली गेला तर बॅटरीवर भरवसा ठेवू नका. मीटर नसेल तर टर्मिनलला जपून हात लावून बघा. सेल्फ मारल्यावर जे टर्मिनल गरम लागतं तिथंच करंट अडतो आहे. ते काढा, पांढरी-हिरवी पावडर सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवा, कानसपट्टीनं घासा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. काढताना अर्थची वायर आधी काढायची, लावताना शेवटी लावायची. जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून निघणारा वायू भडका घेतो.

आपल्याकडे माघाच्या थंडीतही डिझेल गोठत नाही. पण थंडीनं बॅटरी मंदावते आणि इंजिनचं ऑइल दाट होतं. म्हणून दुपारी कशीबशी चालणारी बॅटरी पहाटे दगा देते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची आणि ट्रकची यंत्रणा चोवीसची. ट्रॅक्टरवरून ट्रकला वायर जोडू नका. जोडायचीच तर चोवीस व्होल्टच्या दुसऱ्या ट्रकवरून, आणि शेवटचा अर्थचा चिमटा बॅटरीवर न लावता लांब चेसीच्या लोखंडावर लावा.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये दोन मिनिटं विश्रांती द्या. आणि सेल्फ फिरता फिरता 'ठक्' करून जागीच अडला तर दुसऱ्यांदा मारूच नका. हेड गॅस्केट जाऊन सिलिंडरमध्ये पाणी आलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल वाढलेलं किंवा ताकासारखं दिसलं तर गाडी फिटरच्याच हवाली करा.

दुसरी तपासणी: धूर काय सांगतो?

इंजिन चांगलं फिरतं पण पेट घेत नाही, तर एका माणसाला सायलेन्सरकडे उभा करा.

धूर अजिबात नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. बहुतेक गाड्यांत दुखणं इथंच असतं.

पांढरा धूर: डिझेल पोचतं, पण पेटत नाही. इंजिन हळू फिरत असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, पंपाचा टायमिंग चुकला असेल किंवा दाब कमी असेल.

काळा धूर: डिझेल आहे, हवा कमी आहे. एअर क्लीनर पाहा.

तिसरी तपासणी: डिझेल पोचतं का?

टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर विसंबू नका, काठी घालून बघा. गाडी तिरकी उभी असेल तर थोडं डिझेल असूनही पाइपच्या तोंडाला लागत नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र चिखलानं बुजलं असेल तर डिझेल ओढलं जात नाही. झाकण उघडताना 'सूंऽ' असा आवाज आला की समजा, दुखणं सापडलं.

मग बंद करण्याची यंत्रणा पाहा. जुन्या गाडीत ओढायची स्टॉप वायर असते. ती गंजून अडकली तर केबिनमधला दांडा आत गेलेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर बंदच्या जागी राहतो. बोनेट उघडून लिव्हर हातानं हलवून बघा. विजेवर चालणारा सोलेनॉइड असेल तर किल्ली फिरवल्यावर त्याचा 'टक्' आवाज आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज बघा.

आता पाणी. फिल्टरखाली पाणी साठायची वाटी असते. तिचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल. बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांनी हे अवश्य करावं. बॅरल उघड्यावर उभा ठेवला की झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी आत शिरतं. तो आडवा आणि आडोशाला ठेवावा. भरण्याआधी हलवू नये, आणि तळातलं दोन-चार लिटर वापरू नये.

आता हवा. हे नीट समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं. या भागात पाइपला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून पाइप वरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस फसतो. फीड पंपाच्या पुढं मात्र डिझेल दाबानं जातं, तिथली चीर ओली दिसते. सकाळी सुरू व्हायला त्रास, किंवा सुरू होऊन मिनिटात बंद, ही हवा धरल्याची खूण आहे.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घ्या, टाकीचा पाइप फीड पंपापासून सोडवा आणि नव्या नळीनं कॅन थेट फीड पंपाला जोडा. हवा काढा आणि सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर दुखणं टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात आहे. नाही झाली तर पुढं. एका कॅननं निम्मी गाडी तपासून होते.

हवा अशी काढा

ही रीत जुन्या, साध्या पंपाच्या गाडीची. बाहेरून आधी सगळं पुसून घ्या, माती आत जाता कामा नये. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे ढिला करा. फीड पंपावरचा हातपंप सोडवून दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू घट्ट करा. दोन फिल्टर असतील तर दुसऱ्यालाही तसंच. मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूला तसंच. शेवटी हातपंप कडक लागेपर्यंत दाबा आणि त्याची मूठ फिरवून बंद करा. ती उघडी राहिली तर तिथूनच पुन्हा हवा शिरते. तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला.

कितीही दाबलं तरी हातपंप कडक होत नसेल तर फीड पंपाची जाळी कचऱ्यानं भरली आहे, त्याचे व्हॉल्व्ह गेले आहेत किंवा हवा अजून शिरते आहे. तो कडक झाला, तरी सायलेन्सरला धूर नाही, तर मोठा पंप किंवा नोझल. ते काम पंपाच्या दुकानातच व्हायचं, बांधावर नाही.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियमाच्या नव्या गाड्या आल्या. त्यांत कॉमन रेल पद्धत असते आणि डिझेलचा दाब हजार ते दोन हजार बारपर्यंत जातो. जुन्या नोझलचा दाब साधारण दोनशे बारच्या आसपास. म्हणून जुन्या मिस्त्रीची सवय, म्हणजे नोझलचा पाइप ढिला करून सेल्फ मारायचा, ती या गाडीवर कधीही करू नका. बारीक धार कातडी फोडून आत जाते. वर सुईएवढं भोक दिसतं, पण आतून हात सडू शकतो. तसं झालंच तर हळद न लावता तातडीनं सर्जनकडे न्या आणि डिझेल आत गेलं आहे हे स्पष्ट सांगा.

नव्या गाडीत तुम्ही एवढंच बघा: बॅटरी, फ्यूज, डिझेल, पाण्याची वाटी, पिंजर, आणि समोर पेटलेला चेक लाइट. तो पेटत असेल तर संगणक लावणाऱ्या फिटरला बोलवा. या गाड्यांना निळ्या झाकणाची युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. ते पाणी चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्लीसुद्धा फिरवू नका. टाकी रिकामी करून धुवावी लागते. किल्ली फिरवली की ते पाणी महागड्या पंपात जातं.

चौथी तपासणी: हवा आणि दाब

एअर क्लीनर काढून बघा. पाचट आणि फुफाटा यांनी तो हंगामात लवकर भरतो. पावसाळाभर उभी असलेली गाडी असेल तर हवेच्या पाइपात उंदरानं घर केलेलं सापडतं, वायराही कुरतडलेल्या असतात. ज्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे तिची सायलेन्सरच्या वाटेवरची पाकळी गंजून बंद अवस्थेत अडकते. मग धूर बाहेर जायला वाट नाही आणि इंजिन सुरू होत नाही. सेल्फ, डिझेल सगळं ठीक असून गाडी हटून बसली तर ही पाकळी जरूर पाहा.

एवढं करूनही पांढराच धूर आणि ब्रीदरमधून वाफेचा लोट, तर दाब गेला आहे. रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह यांचं काम वर्कशॉपचं.

हे करू नका

हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरू नका आणि इथरचा फवारा मारू नका. इथरनं पिस्टन फुटल्याचं मी पाहिलं आहे. आणि भोवती वाळलं पाचट असताना पेटता बोळा म्हणजे फडच पेटवणं.

सेल्फच्या दोन बोल्टांना पान्यानं जोडून गाडी सुरू करू नका. गाडी गिअरमध्ये असली तर ती जागची उठते आणि पुढच्या चाकाशी उभा माणूस तिच्याखाली जातो.

भरलेला ट्रक ट्रॅक्टरनं ओढून किंवा उतारावर सोडून सुरू करू नका. इंजिन बंद असताना हवेचा दाब भरत नाही, ब्रेक लागत नाहीत आणि स्टिअरिंग जड राहतं. दहा-पंधरा टनांचा बोजा एकदा सुटला की तो माणसांना ऐकत नाही. चुलीपाशी लेकरं बसलेली कोपी तिथंच बांधाला असते, हे विसरू नका.

थोडक्यात

१. आधी विचारा: काल काय झालं होतं?
२. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाखाली दगड.
३. फिरतं का? बॅटरी, टर्मिनल, अर्थ.
४. धूर आहे का? नसेल तर डिझेल शोधा.
५. टाकी, झाकणाचं छिद्र, स्टॉप लिव्हर, पाणी, हवा. याच क्रमानं.
६. एअर क्लीनर, उंदीर, एक्झॉस्ट ब्रेक.
७. एवढ्यात गाडी सुरू झाली नाही तर फिटर बोलवा, आणि काय काय पाहिलं ते त्याला सांगा. त्याचा तास वाचतो, तुमचा पैसा वाचतो.

गाडीत नेहमी एवढं ठेवा: दोन नवे तांब्याचे वायसर, एक डिझेल फिल्टर, चार फ्यूज, हातभर नळी, स्वच्छ फडकं आणि बॅटरीवर चालणारा दिवा. हंगाम सुरू होण्याआधी, दसऱ्याला गाडीची पूजा कराल त्या दिवशीच हे सामान पेटीत टाका आणि एकदा सेल्फ मारून बघा. उसाचा पहिला ट्रक भरल्यावर गाडी तपासण्यापेक्षा ते केव्हाही बरं.